व्यायामाची सायकल घ्यावी की जिम लावावी?

शुगर, बीपी निघाले की घरात हा प्रश्न येतोच. जिमची फी महिना 700 धरली तर वर्षाचे 8,400 होतात. तेवढ्यात साधी सायकल घरी येते; गुडघ्यांवर भार कमी पडतो, बायांना कामातून सवड काढून चालवता येते. पण एका खोलीच्या घरात जागा अडते, पुढे तिच्यावर कपडेच वाळतात. म्हणून आम्ही सांगतो, हप्ता बांधण्याआधी तीन महिने चालून पाहा. आठवड्यातून पाच दिवस, रोज 30 मिनिटे. दम लागावा, पण बोलता यावे. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात सकाळी 7 च्या आत आटपा. चंक्रमणाने अन्न पचते, हे भगवान बुद्धांनी भिक्खूंना सांगितलेच आहे. छातीत दुखले तर थांबा, लगेच दवाखाना गाठा. चालणे सुरू झाले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.