घरदुरुस्ती आणि आगाऊ रक्कम : पैसा कामाच्या मागे चालावा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणीत घराच्या दुरुस्तीचा उल्लेख नाही. परंतु राहत्या घराचे नूतनीकरण ज्यांनी केले आहे, त्यांना ते काम नव्या बांधकामाहून सोपे वाटले नसेल. भिंत फोडल्याशिवाय आतली ओल कळत नाही आणि फरशी उचलल्याशिवाय जुन्या नळांची अवस्था दिसत नाही. खर्चाचा नेमका अंदाज अशा रीतीने लांबणीवर पडतो. ठेकेदाराची आगाऊ रकमेची मागणी मात्र पहिल्याच दिवशी पुढे येते. किती द्यावे, याचा निर्णय बहुतेक घरांत शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा भिडेखातर होतो. वास्तविक संपूर्ण व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय हाच असतो.

रायपूरमधील ऋतुचक्र आणि ठेकेदाराची अडचण

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानीचे शहर झाले. नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्याचबरोबर तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांची दुरुस्ती, कवेलूच्या जागी स्लॅब, वाढत्या कुटुंबासाठी एखादी वाढीव खोली अशी कामेही सतत चालू असतात.

या कामांना ऋतूचे बंधन असते. पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास येतो. त्यापूर्वी गच्चीची गळती बंद व्हावी म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सर्वांनाच एकदम मिस्त्री हवा असतो. पावसाळ्यात नदीपात्रातील रेतीचा उपसा बंद राहतो आणि रेतीचा भाव चढतो. आजूबाजूच्या गावांतून येणारे मजूर धानाच्या रोवणीसाठी गावी परततात. त्यामुळे मे महिन्यात मोठी रक्कम देऊनही ज्याचे काम जूनपर्यंत आटोपले नाही, त्याला पुष्कळदा पावसाळा उलटेपर्यंत थांबावे लागते. पैसे मात्र अगोदरच गेलेले असतात.

आगाऊ रक्कम मागणारा प्रत्येक ठेकेदार लबाड असतो, असे मानणे अन्यायाचे ठरेल. लहान ठेकेदाराजवळ स्वतःचे भांडवल बेताचे असते. मजुरांना आठवड्याच्या आठवड्याला मजुरी द्यावी लागते. रेती, गिट्टी आणि सिमेंट रोखीने घ्यावे लागते. कामाच्या आरंभी त्याला काही रक्कम मिळावी, हे रास्तच आहे. धोका पुढच्या पायरीवर असतो. एकाच वेळी तीन-चार कामे हाती घेतलेला ठेकेदार पहिल्या घराची उधारी दुसऱ्या घराच्या उचलीतून भागवतो आणि दुसऱ्याचे काम तिसऱ्याच्या पैशावर रेटतो. नवे काम मिळेनासे झाले की ही साखळी तुटते. त्या वेळी ज्याची सर्वाधिक रक्कम आगाऊ गेलेली असते, त्याचेच सर्वाधिक नुकसान होते. येथे फसविण्याचा हेतू असतोच असे नाही, तरी घरमालकाचा तोटा टळत नाही.

‘रेरा’चे संरक्षण येथे मिळत नाही

नवीन सदनिका घेणाऱ्यास स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६, अर्थात ‘रेरा’, याचे संरक्षण आहे. विक्रीचा नोंदणीकृत करार झाल्याखेरीज विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठी वापरावी लागते.

ही तरतूद घरदुरुस्तीलाही लागू असावी, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. ज्या दुरुस्तीत किंवा नूतनीकरणात विक्री, जाहिरात वा नवे वाटप होत नाही, ते काम याच अधिनियमाने नोंदणीतून वगळले आहे. स्वतःच्या घराच्या दुरुस्तीसाठी ठेकेदाराशी केलेल्या व्यवहारात आगाऊ रकमेवर ‘रेरा’ची मर्यादा नाही आणि स्वतंत्र खात्याची अटही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरसुधारणेच्या कामासाठी १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच आगाऊ घेता येते. आपल्याकडे हे बंधन घरमालकाने स्वतःच्या करारात स्वतःच घालून घ्यावयाचे असते.

शासन आणि बँका काय करतात?

स्वतःपुरता नियम ठरविताना मोठ्या संस्थांची रीत उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार सामान्यतः माल किंवा सेवा मिळाल्यानंतरच पैसे अदा करावयाचे असतात. अपवाद म्हणून खाजगी संस्थेला आगाऊ रक्कम दिलीच, तर ती साधारणतः कराराच्या ३० टक्क्यांच्या आत असते आणि तिच्यासाठी बँक हमीसारखे तारण घेतले जाते. रिझर्व्ह बँकेनेही ३ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना सूचना दिली की, गृहकर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित असावे आणि अपूर्ण प्रकल्पांसाठी संपूर्ण रक्कम आरंभीच देऊ नये.

टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते, ही अनेक ग्राहकांची तक्रार असते. प्रत्यक्षात ती ग्राहकाच्याच हिताची व्यवस्था आहे. जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज लागते आणि अपूर्ण कामावर पैसे अडकत नाहीत. हाच न्याय स्वतःच्या बचतीतून खर्च करतानाही लावावा.

एक उदाहरण

समजा, रायपूरमधील एका जुन्या घराच्या दुरुस्तीचे काम ६,००,००० रुपयांस ठरले. ठेकेदाराने निम्मी रक्कम, म्हणजे ३,००,००० रुपये, आरंभीच घेतली. दीड महिन्यानंतर काम बंद पडले. तोवर झालेल्या कामाचे मूल्य १,५०,००० रुपये होते. अर्धवट काम हाती घेणारा नवा ठेकेदार सहसा अधिक दर मागतो. त्याने उर्वरित कामाचे ५,००,००० रुपये सांगितले. घरमालकाचा एकूण खर्च ८,००,००० रुपये झाला, म्हणजे २,००,००० रुपयांचा तोटा.

आता हेच काम पुढीलप्रमाणे टप्पे पाडून दिले असे मानू :

१. करार होऊन काम सुरू होताना : १० टक्के (६०,००० रुपये)
२. तोडफोड, मलबा हलविणे व भिंतींचे काम पूर्ण झाल्यावर : २० टक्के (१,२०,००० रुपये)
३. गच्चीचे गळतीरोधक काम आणि त्याची पाणी साठवून चाचणी झाल्यावर : २० टक्के (१,२०,००० रुपये)
४. नळ, सांडपाणी व वीजवाहिन्या बसवून गिलावा झाल्यावर : २० टक्के (१,२०,००० रुपये)
५. फरशी, दारे व खिडक्या बसविल्यावर : १५ टक्के (९०,००० रुपये)
६. रंगकाम व साफसफाई होऊन घर ताब्यात मिळाल्यावर : १० टक्के (६०,००० रुपये)
७. एक पावसाळा उलटून गळती नसल्याची खात्री झाल्यावर : ५ टक्के (३०,००० रुपये)

दुसरा टप्पा संपल्यावर काम बंद पडले, तर घरमालकाचे १,८०,००० रुपये गेलेले असतील. नव्या ठेकेदाराचे ५,००,००० रुपये धरून एकूण खर्च ६,८०,००० रुपये होईल. तोटा ८०,००० रुपयांचा, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. टप्प्यांमुळे तोटा नाहीसा होत नाही. तो सोसण्याजोगा राहतो. शिवाय पुढचा हप्ता काम झाल्यावरच मिळणार असल्याने काम पुरे करण्यात ठेकेदाराचेही हित राहते.

शेवटचे ५ टक्के विशेष महत्त्वाचे आहेत. गळतीरोधक कामाची खरी परीक्षा पहिला मोठा पाऊस घेतो. सिमेंटच्या कामाचा दर्जाही लगेच दिसत नाही. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस. रायपूरच्या मे महिन्यात दुसरा नियम पाळणेच इष्ट. पाणी मारण्याचे दिवस पुरे होईपर्यंत त्या टप्प्याचे पैसे देऊ नयेत.

ठेकेदाराजवळ खरोखरच भांडवल नसेल, तर घरमालकाने सिमेंट, सळई, फरशी व नळ थेट विक्रेत्याकडून स्वतःच्या नावे, पावती घेऊन खरेदी करावेत आणि ठेकेदारास फक्त मजुरी मोजमापाप्रमाणे दर आठवड्यास द्यावी. यात मालकाचे श्रम वाढतात. परंतु माल आपल्या अंगणात आणि पावती आपल्या हाती राहते.

करार, धनादेश आणि रोख

तोंडी बोलीवर लाखो रुपयांचे काम देऊ नये. करार लहान असला तरी लेखी असावा. त्यात कामांची यादी, मालाचा प्रकार व दर्जा, मोजमापाचा दर, जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, पूर्ण करण्याची तारीख, विलंबाची भरपाई आणि वरीलप्रमाणे हप्त्यांचे टप्पे स्पष्ट लिहावेत. भिंत फोडल्यावर नवे काम निघाल्यास त्याचा दर आधी लिहून, उभयतांनी सही करूनच ते सुरू करावे. बहुतेक वाद या ‘वाढीव कामा’वरूनच उद्भवतात. मजला वाढविणे किंवा रचनेत बदल करणे असल्यास महानगरपालिकेची परवानगीही अगोदर घ्यावी.

रक्कम खात्यातून खात्यात द्यावी आणि व्यवहाराच्या तपशिलात टप्प्याचा उल्लेख करावा. बँकेचा खातेउतारा हा पुढे भक्कम पुरावा ठरतो. एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. दंड स्वीकारणाऱ्यास होतो. तथापि अशा रोख रकमेचा पुरावा उभा करणे देणाऱ्यासही अवघड जाते.

आणखी एक चूक बँकेच्या पायरीवर वारंवार दिसते. पुढील हप्त्यांसाठी म्हणून पुढच्या तारखांचे किंवा कोरे सही केलेले धनादेश ठेकेदाराच्या स्वाधीन केले जातात. हेही एक प्रकारे आगाऊ देणेच होय. काम न करताच धनादेश वटविण्यास टाकला आणि तो परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली उत्तर देण्याची वेळ घरमालकावर येते. पैसे देणे थांबविण्याची सूचना बँकेस दिली तरी हे दायित्व आपोआप टळत नाही. कोऱ्या धनादेशावर फक्त सही केली होती, एवढा बचावही पुरेसा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. म्हणून प्रत्येक टप्प्याचा धनादेश त्या टप्प्यावरच लिहावा.

काम अडले तर

प्रथम झालेल्या कामाची छायाचित्रे घेऊन अभियंत्याकडून मोजमाप करून घ्यावे. ठेकेदाराला नोंदणीकृत टपालाने लेखी नोटीस द्यावी. विशिष्ट दिलासा अधिनियमातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन, त्यानंतरही काम न झाल्यास ते दुसऱ्याकडून करून घेता येते आणि त्याचा खर्च मूळ ठेकेदाराकडून मागता येतो. नोटीस न देता घाईने दुसरा मिस्त्री लावणारा हा हक्क गमावून बसतो.

मोबदला घेऊन दिलेली बांधकामाची सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे दाखल होते. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करणे आवश्यक आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पोलिसांत तक्रार करण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. केवळ करार मोडला म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. रक्कम घेतानाच हेतू अप्रामाणिक होता, हे दाखवावे लागते. साखळी तुटलेल्या ठेकेदाराच्या बाबतीत ते सहसा सिद्ध होत नाही. आयोगाचा निकाल लागला तरी ज्याच्याजवळ काही उरलेच नाही त्याच्याकडून वसुली कठीणच असते. कायद्याचा मार्ग खुला आहे, परंतु तो लांबचा आहे.

दुरुस्तीसाठी काढलेला पैसा बहुधा निवृत्तीच्या वेळी हाती आलेला किंवा पुढील अनेक वर्षे हप्त्यांनी फेडावयाचा असतो. छप्पर अर्धे उघडे राहिले तरी कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस खात्यातून जातच राहतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून टप्प्यांचे कोष्टक लिहावे, ते ठेकेदारास वाचून दाखवावे आणि उभयतांनी त्यावर सह्या कराव्यात. प्रामाणिक ठेकेदाराची त्यास हरकत नसते, कारण आपले पैसे कधी मिळणार हे त्यालाही त्याच कागदावरून कळते. जो ठेकेदार टप्प्यांचे नावही काढू देत नाही, त्याच्याविषयीचा निर्णय आगाऊ रक्कम हातात असतानाच घेता येतो.