उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतो का?

फुटबॉलचा सामना पाहताना आपली नजर बावीस खेळाडूंवर खिळलेली असते. आज मैदानाच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या दोघांकडे पाहू. 17 जुलै 1994 रोजी अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना येथे, ब्राझील आणि इटली यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही. शेवटी पेनल्टी किकवर ब्राझील 3-2 असा जिंकला. ब्राझीलचे प्रशिक्षक होते कार्लोस आल्बेर्तो परेरा आणि इटलीचे आरिगो साकी. गंमत अशी की, या दोघांपैकी एकही जण कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नव्हता!

परेरा यांचे शिक्षण शारीरिक शिक्षणाचे. 1970 च्या विश्वविजेत्या ब्राझील संघाबरोबर ते होते खरे, पण खेळाडूंची शारीरिक तयारी करून घेण्यासाठी. साकी तर वडिलांच्या कारखान्यातले बूट विकत. 1987 मध्ये ते मिलान या बलाढ्य संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. घोडेस्वार होण्यासाठी आधी घोडा व्हावे लागते हे आपल्याला ठाऊक नव्हते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे 1989 आणि 1990 अशी लागोपाठ दोन वर्षे मिलानने युरोपियन चषक जिंकला.

मग प्रशिक्षक होण्यासाठी आधी खेळाडू असण्याची गरज नाही, हे सिद्ध झाले ना? इतकी घाई नको. तुमच्यातला एखादा फुटबॉलवेडा लगेच विचारील, "आणि झागालो?" ब्राझीलच्या मारिओ झागालो यांनी 1958 आणि 1962 मध्ये खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकला आणि 1970 मध्ये प्रशिक्षक म्हणून. जर्मनीच्या फ्रांझ बेकेनबाउर यांनी 1974 व 1990 मध्ये तोच पराक्रम केला, फ्रान्सच्या दिदिए देशाँ यांनी 1998 व 2018 मध्ये. यावर दुसरा म्हणेल, "मग माराडोनाचे काय?" त्यांच्यासारखा खेळाडू विरळा, पण 2010 मध्ये ते प्रशिक्षक असताना अर्जेंटिना जर्मनीकडून 0-4 अशी हरली. अशी उदाहरणे एकमेकांवर फेकत राहिलो, तर रात्र सरेल, वाद सरणार नाही.

तेव्हा मोजूनच पाहू. पण भौतिकीत कोणतीही राशी मोजण्याआधी तिची व्याख्या करावी लागते. 'माजी खेळाडू' कोणाला म्हणायचे? 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला, 1962 मध्ये जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळाले. दोन्ही वेळी प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक. स्थानिक संघांतून खेळलेले, पण पोटासाठी नव्हे. (मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळे.) आता रहीम साहेबांना कोणत्या रकान्यात घालाल?

समजा, व्याख्या ठरली. विश्वचषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकांची यादी केली, तर त्यांत बहुतेक माजी खेळाडूच दिसतात. पण यावरून काय कळते? कल्पना करा की एका देशात 100 प्रशिक्षक आहेत; 90 माजी खेळाडू आणि 10 इतर. चषक कोणाला मिळणार हे निव्वळ चिठ्ठ्या टाकून ठरते. तरीही दहांतले सरासरी नऊ चषक माजी खेळाडूंकडेच जातील! म्हणून विजेत्यांमध्ये माजी खेळाडू किती, हा प्रश्नच चुकीचा. माजी खेळाडूंपैकी किती जण जिंकले आणि इतरांपैकी किती, असे विचारायला हवे. त्यासाठी हरलेल्यांचीही यादी लागते.

एवढ्यानेही भागत नाही. समजा, एका कनिष्ठ महाविद्यालयात स्वतःच्या शाळेतल्या मुलांना 50 टक्क्यांवर प्रवेश मिळतो. बाहेरच्यांना मात्र 80 टक्के लागतात. वर्षअखेर बाहेरून आलेली मुले पुढे असणारच. म्हणून त्या शाळेत शिकल्याने बुद्धी मंदावते, असे कोणी म्हणेल का? फरक चाळणीच्या छिद्रांत आहे. फुटबॉलमध्येही दोन चाळण्या असतात. माराडोना यांना प्रशिक्षकपदाचा फार थोडा अनुभव असताना राष्ट्रीय संघ मिळाला. साकी लहान लहान संघांतून वर आले. त्यांच्या पार्मा संघाने इटालियन चषक स्पर्धेत खुद्द मिलानला हरवले, तेव्हा कुठे मिलानचे दार उघडले. आणि ज्यांना कोणी दारातच उभे केले नाही, त्यांची नोंद तर कोणत्याच यादीत नसते. मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

प्रयोगशाळेत आपण एक राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. इथे साकींना दहा वर्षे फुटबॉल खेळवून पुन्हा त्याच मिलानवर नेमता येत नाही. तेव्हा मोठ्या आकडेवारीतून हिशेबानेच इतर गोष्टींचा परिणाम वेगळा काढावा लागतो. ब्रिजवॉटर, काह्न आणि गुडॉल या संशोधकांनी 1994 ते 2007 या काळातील ब्रिटिश फुटबॉलचा असा अभ्यास केला. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत त्यांना आढळले की, वरच्या दर्जावर खेळलेल्या प्रशिक्षकांचा फायदा कमी कुशल संघांना अधिक होतो. प्रशिक्षकपदाचा दीर्घ अनुभव मात्र कुशल खेळाडूंना अधिक उपयोगी पडतो. म्हणजे 'कोण चांगला' याच्या जोडीला 'कोणासाठी चांगला' हेही विचारायला हवे!

असे का व्हावे? उंच उडालेला चेंडू घ्या. सेव्हिल चॅपमन यांनी 1968 मध्ये बेसबॉलचे उदाहरण घेऊन दाखवले की, चेंडू जिथे पडणार तिथेच तुम्ही उभे असाल, तर त्याच्या उन्नत कोनाचा टॅन समान गतीने वाढत जातो. (हवेचा विरोध सोडून द्या, अकरावीच्या विद्यार्थ्याला हे चार ओळींत सिद्ध करता येईल.) टॅन जास्त वेगाने वाढू लागला तर मागे सरा, कमी वेगाने वाढला तर पुढे या. लांबून आलेल्या चेंडूखाली धावत जाणारा बचावपटू असेच काहीतरी नकळत करीत असावा. पण कसे करतोस असे विचारा, तो सांगेल, "चेंडूवर नजर ठेव." नवशिक्याला तो स्वतः धावून दाखवू शकतो, आणि पुष्कळदा तेवढे पुरते. परंतु अकरा जणांनी एकाच वेळी कुठे असावे हे कोणाला धावून दाखवता येत नाही. ते शब्दांत किंवा फळ्यावरच मांडावे लागते.

करून पाहा : तुमच्या तालुक्यातील आंतरशालेय कबड्डी किंवा खो-खो स्पर्धेतील सर्व संघांची यादी करा. प्रत्येक संघाचे शिक्षक स्वतः तो खेळ कोणत्या पातळीपर्यंत खेळले होते, किती वर्षे शिकवीत आहेत आणि संघ त्यांच्याकडे कसा आला, हे लिहा. 'खेळाडू' या शब्दाची तुमची व्याख्या आकडे जमवण्याआधी वहीत लिहून ठेवा. पहिल्याच फेरीत बाद झालेल्या संघांची नावे बातमीत सापडणार नाहीत. त्यासाठी त्या त्या शाळेत जाऊन विचारावे लागेल.