चंद्रकांत पंडित यांच्याकडून वर्गशिक्षकानं काय घ्यावं?



केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा जवळ आल्या की शाळेचा संघ निवडायचा असतो. दोन-तीन चपळ मुलं ठरलेली असतात, बाकीची फक्त संख्या भरायला. वर्गातही तसंच होतं. प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. मग उरलेल्या मुलांचं काय करायचं? यासाठी आज एका क्रिकेट प्रशिक्षकाचं उदाहरण पाहू.

कोण आहेत चंद्रकांत पंडित?

जन्म १९६१, मुंबई. रमाकांत आचरेकर सरांचे विद्यार्थी. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले यष्टिरक्षक. खरं नाव झालं ते प्रशिक्षक म्हणून. मुंबईला त्यांनी तीनदा रणजी करंडक जिंकून दिला आणि २०१७ मध्ये ते आपल्या विदर्भाकडे आले. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, पण तोवर एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. पंडितांच्या पहिल्याच हंगामात विदर्भ विजेता झाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा!

सामने कोणी जिंकून दिले?

संघात वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज होता, कर्णधार फैज फजल होता. पण मोक्याच्या वेळी पुढे आलेली नावं बघा.

- कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भानं अवघ्या ५ धावांनी जिंकला. शेवटच्या डावात ७ बळी घेतले रजनीश गुरबानीनं. हा मुलगा सिव्हिल इंजिनिअर!
- इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याचीच हॅटट्रिक, आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३ धावा.
- २०१९ ची अंतिम लढत आपल्या वर्धा रोडवरच्या जामठ्याला झाली. तिथे आदित्य सरवटेनं सौराष्ट्राचे ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्यानं दोन्ही डावांत बाद केलं.

दरवेळी नवं नाव पुढे येतं, याचा अर्थ तयारी सगळ्यांची झालेली असते. सामना सुरू झाला की प्रशिक्षक सीमारेषेबाहेर असतो. त्याचं काम त्याआधीच झालेलं असतं. आपलंही तसंच आहे. परीक्षेच्या दिवशी आपण मुलाजवळ बसू शकत नाही.

हार विसरायची नाही

१९९८-९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाकडून ते अंतिम सामना हरले. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच मध्य प्रदेशला त्यांनी प्रशिक्षक म्हणून करंडक मिळवून दिला. समोर होती मुंबई! नापास झालेल्या, मागे पडलेल्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा.

पण कडक शिस्तीचं काय?

पंडित कडक म्हणून ओळखले जातात. आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघात त्यांची ही पद्धत काही खेळाडूंना जाचली, असं डेव्हिड वीसा या परदेशी खेळाडूनं नंतर जाहीरपणे सांगितलं. मोठ्या माणसांना जाचते, तर सात-आठ वर्षांच्या लेकरांचं काय होईल? म्हणून त्यांचा धाक नको, तयारी घ्यावी. नियम मोजके असावेत, पण हुशार मुलाला आणि मागच्या बाकावरच्या मुलाला सारखेच. धाकानं मूल गप्प बसतं, पण हात वर करत नाही.

वर्गात करून पाहा

१. महिनाभर प्रत्येक मुलाला एक ठरलेली जबाबदारी द्या: परिपाठ, हजेरी फलक, बाग, ग्रंथपेटी. अवघड काम मुद्दाम बुजऱ्या मुलाला द्या, पण आधी त्याची तयारी करून घ्या.
२. गटकार्यात गटप्रमुख दर आठवड्याला बदला.
३. खेळाच्या सरावात राखीव मुलांनाही तेवढाच वेळ द्या.

पालकहो, घरी आल्यावर "जिंकलास का?" याऐवजी "आज तुझ्याकडं काय काम होतं?" असं विचारून बघा. मूल जास्त बोलेल.

तुमच्या वर्गात यातलं काय जमलं, काय नाही, नक्की कळवा.