कोफूने चषक जिंकला

जपानात कोफू नावाचे शहर आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे सपाट खोरे. आसपास द्राक्षांच्या बागा फार. शहर काही मोठे नाही. पण तिथे धंदेवाईक फुटबॉलचा संघ आहे. धंदेवाईक म्हणजे खेळाडूंना खेळण्याचा पगार मिळतो. संघाचे नाव व्हानफोरे. त्याचा अर्थ वारा आणि रान. साडेचारशे वर्षांपूर्वी तिथे ताकेदा शिंगेन नावाचा सरदार होता. त्याच्या निशाणावरून हे नाव घेतले.

हा संघ एकदा बंदच पडणार होता. १९९९, २००० आणि २००१ अशी तीन वर्षे तो आपल्या वर्गात शेवटला आला. कर्ज वाढले. पगार द्यायचा कुठून? २००१ साली भागधारकांनी तीन अटी घातल्या. दर सामन्याला सरासरी ३,००० प्रेक्षक यावेत. पाठीराख्यांच्या मंडळात ५,००० सभासद व्हावेत. जाहिरातींचे ५ कोटी येन जमावेत. (येन हे जपानी नाणे.) नाही जमले, तर संघ मोडायचा.

मग गावच पुढे आले. मोठी कंपनी मिळेना, तर लहान दुकानदारांकडे गेले. थोडे थोडे पैसे घेतले आणि जागा दिसेल तिथे जाहिरात लावली. जखमी खेळाडूला उचलून नेतात ना, त्या स्ट्रेचरवरसुद्धा जाहिरात! तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. संघ वाचला.

आता २०२२ साल घ्या. जपानात 'सम्राट चषक' नावाची स्पर्धा १९२१ पासून चालू आहे. तीत लहानमोठे सगळे उतरतात, अगदी कॉलेजचे संघसुद्धा. कोफू तेव्हा दुसऱ्या वर्गात होता. तरी त्याने पहिल्या वर्गातले चार संघ हरवले आणि अंतिम सामना गाठला. १६ ऑक्टोबरला योकोहामा शहरी गाठ पडली ती हिरोशिमाशी. हा संघही पहिल्या वर्गातला, आणि चांगला तगडा.

कोफूने पहिला गोल केला. शेवटी शेवटी हिरोशिमाने तो फेडला. १–१. मग जादा वेळ.

कोफूचा यामामोतो हिदेओमी हा ४२ वर्षांचा गडी. २००३ पासून याच संघात. त्या वयात फुटबॉल म्हणजे थट्टा नव्हे. जादा वेळात त्याला मैदानात उतरवले, आणि गोलाजवळ चेंडू नेमका त्याच्याच हाताला लागला! हिरोशिमाला पेनल्टी मिळाली. सामना संपायला थोडीच मिनिटे उरलेली. वीस वर्षे खेळून शेवटी आपल्याच हाताने चषक घालवायचा, असे त्याला वाटले असेल. पण गोलरक्षक कावाता कोहेईने झेप घेतली. चेंडू अडवला.

बरोबरी सुटेना. मग दोन्ही संघांनी पाच-पाच किका मारायच्या ठरल्या. कावाताने आणखी एक अडवली. हिरोशिमाच्या पाचही किका झाल्या, गोल चार. कोफूचेही चार झाले, आणि एक किक बाकी राहिली. मारायला आला कोण? यामामोतोच! त्याने चेंडू जाळ्यात धाडला. कोफू ५–४.

हिरोशिमाचेही फार बिघडले नाही, बरं का. सहाच दिवसांनी त्यांनी दुसरा एक चषक जिंकला. आणि कोफू? त्याच वर्षी आपल्या वर्गात २२ संघांत १८वा. पण सम्राट चषकामुळे २०२३ साली त्याला आशियाच्या स्पर्धेत जागा मिळाली. गावचे मैदान नियमात बसेना, म्हणून घरचे सामने टोकियोत खेळले. तिथे इतर संघांचे पाठीराखेही कोफूसाठी ओरडायला आले. आपल्या गटात कोफू पहिला आला.