सेल्फ अँकरला किती खर्च येतो? मेडशीहून सह्याद्रीत जाणाऱ्यांसाठी हिशेब

मोबाईलवर ‘लॅनयार्ड’ असे टाकून शोधले की आधी ओळखपत्राच्या फिती दिसतात, मग किल्ल्यांच्या दोऱ्या, मग टॉवरवर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट. तुम्हाला हवी असते ती वस्तू बरीच खाली सापडते: कड्यावरच्या अँकरला स्वतःला अडकवून ठेवणारी, लांबी कमी-जास्त करता येणारी दोरी. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीत किंवा मालेगावात ती हातात घेऊन पाहायची सोय नाही. खरेदी बहुधा ऑनलाइनच होणार आणि चुकीची वस्तू आली तर परत पाठवायचा खटाटोपही तुमच्याच गळ्यात पडणार. म्हणून ऑर्डर देण्याआधी हिशेब मांडलेला बरा.

सह्याद्रीत चढणारी मंडळी या प्रकाराला ‘सेल्फ अँकर’ किंवा नुसते ‘सेल्फ’ म्हणतात. त्याची गरज कुठे लागते हे लिंगाणा सुळक्यावर नीट कळते. मोहरी गावातून बोराट्याच्या नाळेने उतरून सुळक्याच्या पायथ्याशी जायचे, टप्प्याटप्प्याने वर चढायचे आणि तसेच टप्प्याटप्प्याने रॅपलिंग करत खाली यायचे. प्रत्येक टप्प्याच्या टोकाला अँकर असतो आणि सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद जागी पाच-सहा जण दाटीवाटीने उभे असतात. चढताना तुम्ही दोराला बांधलेले असता, त्यामुळे त्याच दोराची क्लोव्ह हिच ही गाठ मारून अँकरला अडकता येते. त्याला खर्च शून्य, आणि तो दोर डायनॅमिक, म्हणजे भार आला की ताणणारा, असल्याने झटकाही सोसतो. उतरताना मात्र गणित बदलते. दोर तुमच्या कमरेला बांधलेला नसतो, तो खाली सोडायचा असतो, नंतर ओढून घ्यायचा असतो. त्या मधल्या वेळात तुम्हाला कड्याशी धरून ठेवणारी स्वतंत्र वस्तू लागते. पैसे खर्च करायचे ते खरे या मधल्या वेळासाठी.

आता पर्याय आणि भाव. ऑनलाइन दर रोज हलतात आणि बरेचसे सामान आयात असते, त्यामुळे पुढचे आकडे अंदाज यावा एवढ्यापुरतेच धरा.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे १२० सेंटिमीटरची शिवलेली नायलॉन स्लिंग. ती साधारण ६०० ते १,२०० रुपयांत येते. ती हार्नेसला ओवायची, मध्ये एक गाठ मारायची, टोकाला लॉकिंग कॅरॅबिनर, म्हणजे कुलूपबंद होणारी धातूची कडी, लावायचा. मधल्या फासात रॅपलिंगचे उपकरण अडकवले की ते पोटापासून थोडे दूर राहते आणि टोक अँकरला लावायला मोकळे असते. एका स्लिंगमध्ये दोन कामे होतात. उणीव एकच, लांबी बदलत नाही. अँकर छातीशी असेल तर दोरी ढिली पडते, डोक्याच्या वर असेल तर टाचा उंचावून लोंबकळावे लागते. हीच स्लिंग डायनिमा या धाग्याची घेतली तर हलकी मिळते, पण डायनिमा जवळजवळ ताणतच नाही, गाठ मारल्यावर तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि साधारण १४५ अंशांनाच ती वितळते. गाठी मारून वापरायचे असेल तर नायलॉनच घ्या, थोडे वजन वाढले तरी.

मधला पर्याय साखळीचा. पूर्ण ताकदीच्या शिवलेल्या कड्या एकात एक गुंफलेल्या असतात. मेटोलियस कंपनीची ‘पास’ ही त्यातली ओळखीची. साडेतीन ते साडेपाच हजारांपर्यंत जाते. हिच्यासारखीच दिसणारी एक जुनी वस्तू मात्र अजून बाजारात आहे, ती म्हणजे डेझी चेन. ती एकाच पट्टीवर टाके घालून केलेल्या खिशांची असते. पूर्ण पट्टी भक्कम असली तरी खिशांमधला टाका जेमतेम २ ते ३ किलोन्यूटनचा, म्हणजे दोन-तीनशे किलोंचा भार झेलणारा. एकाच कॅरॅबिनरमध्ये दोन खिसे अडकवले आणि मधला टाका उसवला, की कॅरॅबिनर पट्टीतून पूर्ण सुटू शकतो. डेझी चेन कृत्रिम आरोहणासाठी, म्हणजे कड्यात अडकवलेल्या साधनांवर भार टाकत केलेल्या चढाईसाठी, बनली आहे. ती स्वस्तात दिसली म्हणून सेल्फसाठी घेऊ नका.

तिसरा पर्याय खऱ्या अर्थाने लांबी बदलणारा: डायनॅमिक दोरी आणि तिच्यावर सरकणारी धातूची पकड. पेट्झलची ‘कनेक्ट अॅडजस्ट’ यातली सर्वाधिक दिसणारी. लांबी १५ ते ९५ सेंटिमीटर. मोकळे टोक ओढले की दोरी आखूड होते, पकड तिरपी केली की लांब होते, आणि हे अंगाचा भार त्यावर असतानाही करता येते. किंमत साधारण पाच ते सात हजार. कॅरॅबिनर सोबत आहे का हे यादीत वाचून घ्या, कारण नसेल तर हजार-दीड हजार आणखी जातात. ‘ड्युअल’ नावाच्या प्रकारात दुसरी ठरावीक लांबीची शाखा असते, ती रॅपलिंगचे उपकरण पुढे लावायला उपयोगी. वारंवार टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्यांना हीच रास्त वाटते.

खर्च इथे थांबत नाही. स्क्रू असलेला चांगला लॉकिंग कॅरॅबिनर ९०० ते १,८०० रुपयांना पडतो, आणि असे दोन तरी लागतात. त्यावर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटनची खूण असायला हवी. ऑटोब्लॉकसाठी, म्हणजे उतरताना दोराला आवळून धरणाऱ्या गाठीसाठी, सहा मिलिमीटरची दीडेक मीटर दोरी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. मला विचाराल तर सगळ्या यादीत सर्वांत जास्त मोल याच दोरीचे आहे, कारण उतरताना हात सुटला तर तुम्हाला थांबवते ती ही, सात हजारांचा सेल्फ नव्हे. सगळे धरून स्लिंगचा संच तीन ते पाच हजारांत बसतो, पकडवाला संच आठ-नऊ हजारांवर जातो. हार्नेस, हेल्मेट आणि रॅपलिंगचे उपकरण यात धरलेले नाही.

वर्षातून एकदा, पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंगला जाणार असाल तर यातले काहीच विकत घेऊ नका. मुंबई-पुण्याजवळचे असे एक दिवसाचे उपक्रम हजार ते अडीच हजारांत होतात आणि सामान आयोजकाचे असते. मेडशीकराचा मोठा खर्च तसाही प्रवासाचा: साधारण पन्नास किलोमीटरवरचे अकोला गाठायचे, तिथून रात्रभराची रेल्वे. आयोजकाला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? उतरणाऱ्याला खालून किंवा वरून दुसरा सुरक्षा दोर असतो का? सामान किती वर्षांचे आहे? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर दुसरा आयोजक शोधा.

वस्तू वापरताना काही गोष्टी पैशाने विकत मिळत नाहीत. सेल्फ हार्नेसच्या ज्या दोन फासांतून दोर बांधतात त्यांतूनच ओवायचा. अँकरला लावला की कॅरॅबिनरचा स्क्रू बंद करायचा, दोरी ताणून घ्यायची, अंगाचे वजन टाकून पाहायचे आणि मगच दोर सांभाळणाऱ्या बिलेयरला ‘सेल्फ’ अशी हाक द्यायची. दोरीत ढील ठेवून अँकरच्या वर चढायचे नाही. सेल्फ झटका पचवण्यासाठी नसतो; दोन-तीन फुटांवरून पडणेही अँकरवर आणि कमरेवर अचाट भार टाकते. रॅपलिंगला निघताना उलटा क्रम: उपकरणात दोर घाला, ऑटोब्लॉक लावा, दोराच्या टोकांना गाठी आहेत ना बघा, सेल्फ लावलेला असतानाच वजन दोरावर टाका, सगळे धरले याची खात्री झाली की मग सेल्फ काढा. हा क्रम पुस्तकातून नव्हे, जाणत्या आरोहकासमोर जमिनीपासून चार फुटांवर शिकायचा. १९६५ पासून उत्तरकाशीला असलेल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात दोरकाम शिकवतात आणि तिथे स्वतःचे महागडे सामान नेण्याची गरज नसते. आधी शिकून मग विकत घेणाऱ्याचे पैसे वाचतात.

पार्सल आले की पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा. वस्तूवर सीई खूण, तिच्यापुढे चार आकडी क्रमांक, आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची (यूआयएए) खूण, मानकाचा क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष असायला हवे. पकडवाल्या सेल्फसाठी ईएन १७५२० हे युरोपीय मानक आहे. औद्योगिक सेफ्टी बेल्टवर आयएस ३५२१ लिहिलेले असते. ती वस्तू खोटी नसते, दुसऱ्या कामाची असते. उत्पादनाचे वर्ष तर आवर्जून पाहा. पेट्झल आपल्या कापडी सामानाचे जास्तीत जास्त आयुष्य उत्पादनापासून दहा वर्षे धरते, म्हणजे चार वर्षे गोदामात पडलेला माल ‘तीस टक्के सूट’ म्हणून मिळाला तर ती सूट तुमच्याच वापराच्या वर्षांतून कापलेली असते. कापडी सामान जुने, दुसऱ्याने वापरलेले घ्यायचेच नाही.

ऑनलाइन विक्रेत्याने वस्तूचा मूळ देश दाखवणे नियमाने बंधनकारक आहे, आणि आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली हवी. बिल मागाच. नकली किंवा भलतीच वस्तू आली आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. विक्रेता मुंबईचा असो की बंगळुरूचा, मेडशीकराने वाशीमला तक्रार करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्कही नाही.

घरी आणल्यावर ठेवायचे कुठे, हा आपल्या भागातला वेगळाच प्रश्न. नायलॉनला आम्ल चालत नाही, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ किंवा फवारणीच्या औषधांच्या खोलीत पिशवी टांगू नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत सोडू नका. उंदरांपासून वर, सावलीत ठेवा. सह्याद्रीची धूळ पकडीत बसते, ती कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची. दोरीचे आवरण फाटून आतला गाभा दिसला, मोठा झटका बसला किंवा कोणते रसायन सांडले, की तिचे काम संपले. मग कात्रीने तुकडे करा, नाहीतर घरातला किंवा शेजारचा कोणीतरी ती उचलून विहिरीत उतरायला वापरेल. कॅरॅबिनरला चीर नसेल, फाटक नीट बंद होत असेल तर तो पुढच्या दोरीला लावायला ठेवता येतो.