बऱ्हाणपूरच्या अंगणातील फुलवेली : लागवड आणि बी धरणे

बियांपासून सहज येणाऱ्या फुलवेलींपैकी गोकर्ण आणि गणेशवेल या दोन बऱ्हाणपूरच्या हवेला विशेष मानवतात. दोन्ही पावसाच्या ओलीवर उगवतात, श्रावण-भाद्रपदात फुलू लागतात आणि दसऱ्यापासून बी देतात. जाई, जुई, मधुमालती या वेली फाटे किंवा मुनवे लावूनच वाढवाव्यात. त्यांच्या बियांची वाट पाहण्यात हंगाम वाया जातो. कृष्णकमळाचेही तेच. घरच्या बागेत त्याला फळ क्वचितच धरते.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन उन्हाळ्याची धग ओसरली की पेरणी करावी. गोकर्णाच्या बियांचे कवच कठीण असते, त्यामुळे तशाच पेरलेल्या बिया आठवडेच्या आठवडे मातीत पडून राहतात. बीचा डोळा सोडून दुसरी बाजू पॉलिश पेपरवर हलकी घासावी, बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि सकाळी फुगलेले तेवढेच पेरावे. न फुगलेले पुन्हा घासून भिजत घालावे. खोली एक ते दीड सेंटिमीटर पुरते. गणेशवेलीचे बी नुसते भिजवले तरी चालते. तिची रोपे मात्र उपटून दुसरीकडे लावलेली सोसत नाहीत. बी ठरलेल्या जागीच टोकावे.

सिंधीपुऱ्यासारख्या जुन्या दाट वस्तीत वेलीच्या वाट्याला गच्ची, ओटा किंवा घरातला चौक येतो. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल तीच जागा निवडावी. सावलीत वेल नुसती पानांनी भरते. शेतातली काळी माती कुंडीत एकटी वापरू नये. ती पावसात चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजवते. दोन भाग माती, एक भाग जाडी रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत हे मिश्रण योग्य. गोकर्ण शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवते. तिला युरिया दिल्यास फूल आणि शेंग दोन्ही कमी होतात.

पाण्याकडे लक्ष हवे. मुघल काळात, 1615 च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडारा या भूमिगत पाणीयोजनेच्या भुयारांत भिंतींवर चुन्याचे थर साचलेले दिसतात. इथल्या भूजलात क्षार किती, ते त्यावरून कळते. असे पाणी कुंडीला सतत घातले की कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. पावसाचे पाणी पिंपात साठवून आलटून पालटून घालावे.

आधारासाठी विकतची जाळी लागत नाही. तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या रोवल्या की वेल आपोआप चढते. बांधायला केळीचे सोपट उत्तम. ते कोवळ्या वेलीला काचत नाही आणि केळीच्या या जिल्ह्यात कुठेही मिळते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

खरी कसोटी बियांची. गोकर्णाची फुले रोज पूजेसाठी खुडली जातात, आणि पितृपक्ष सरल्यावर वेलीवर शेंगच नाही असे लक्षात येते. म्हणून बियांसाठीची वेल फुलोरा सुरू होतानाच निवडून ठेवावी. सर्वांत जोमदार, निरोगी आणि मनासारख्या रंगाची एक वेल राखावी, तिचे फूल तोडू नये. गोकर्णाचे परागण बहुतांशी स्वतःच्याच परागाने होते, तरी मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. पांढऱ्या वेलीच्या बियांतून निळी फुले आली तर ती सरमिसळ समजावी, कारण निळा रंग पांढऱ्यावर मात करतो. पांढरी जात जपायची असेल तर ती निळीपासून जितकी दूर लावता येईल तितकी लावावी.

शेंगा एकदम पिकत नाहीत. हिरवी शेंग गवती तपकिरी झाली आणि हलवल्यावर आत बी वाजू लागले की ती तयार झाली. ऑक्टोबरच्या उन्हात अशी शेंग पिळवटून तडकते आणि बी दूर फेकते. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी, दव असतानाच तोडणी करावी. रोज लक्ष देणे जमत नसेल तर पिकत्या शेंगांवर मांजरपाटाच्या चिंधीची सैल पुरचुंडी बांधावी. यंत्रमागांच्या या गावात तिची वाण नाही. गणेशवेलीच्या लहान बोंडात साधारण चार बिया असतात. बोंड वाळून तपकिरी होताच काढावे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिचीच रोपे सगळ्या कुंड्यांत माजतात.

बिया सावलीत, कागदावर पसरून आठवडाभर वाळवाव्यात. भर उन्हातल्या तापलेल्या गच्चीवर त्या टाकू नयेत, अंकुर मरतो. नखाने दाबून खूण न उमटल्यास बी वाळले. किडके, चपटे दाणे वेचून फेकावेत आणि उरलेले बी चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून कागदी पुडीत, पुडी काचेच्या बरणीत ठेवावी. पुडीवर जात, रंग आणि महिना लिहावा. गोकर्णाचे बी काही महिने मुरल्यावर ताज्यापेक्षा चांगले उगवते, तेव्हा जूनपर्यंतचा काळ त्याला लाभतोच. मेअखेरीस दहा बिया घासून-भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात. सात-आठ उगवल्या तर पेरणी निश्चिंतपणे करावी, त्याहून कमी उगवल्या तर एका जागी तीन बिया टोकाव्यात.

या बिया खाण्याच्या नाहीत. गोकर्णाच्या बिया जुलाब आणतात. गुंजेच्या लालकाळ्या बिया आणि कळलावीचा कंद तर प्राणघातक विषारी आहेत. लहान मुले असलेल्या घरी या दोन वेली लावूच नयेत.