ताप आला? आधी अंगावर काळी खपली शोधा



पावसाळा सरता सरता आपल्या मोहगाव, सौंसर, पांढुर्णा भागात तापाचे रुग्ण वाढतात. आपण मलेरिया, डेंग्यू म्हणतो आणि गोळी घेऊन परत जाळ्यावर जातो. पण 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेजारच्या नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली होती. त्यात माणसं दगावली. म्हणून हा आजार आपण ओळखलाच पाहिजे.

कसा होतो?
गवतात, झुडपात चिगर नावाचे किडे असतात. इतके बारीक की डोळ्याला सहज दिसत नाहीत. उंदीर असतील तिथे हे जास्त. ते चावले की रिकेट्सिया कुळातले जंतू अंगात शिरतात. चावलेलं कळत नाही, ताप साधारण 6 ते 21 दिवसांनी येतो. तलावाची पाळ, काठचं बेशरमचं रान, गवतावर वाळत घातलेली जाळी, म्हणजे आपलीच कामाची जागा. एका माणसाचा दुसऱ्याला मात्र होत नाही.

कसा ओळखायचा?
जोराचा ताप, थंडी, डोकं आणि अंग दुखणं. चावलेल्या जागी बिडीचा चटका लागल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्ष जात नाही. काख, जांघ, कंबर, कानामागे, बायकांनी छातीखालीही बघावं. लाजू नका, घरच्या माणसाला बघायला सांगा. खपली सगळ्यांनाच येत नाही, त्यामुळे ती नसली तरी दवाखाना टाळू नका.

उपचार
औषध साधं आणि स्वस्त आहे: डॉक्सीसायक्लिन. गरोदर बाईला डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. वेळेत सुरू झालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पण गोळ्या मनाने घेऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. पेनिसिलिनसारखी औषधं या जंतूवर चालत नाहीत. गावात सुई टोचून घेण्यात आठवडा गेला, तर फुप्फुस, किडनी, मेंदूवर येतं. दम लागला, लघवी कमी झाली, माणूस बरळायला लागला तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.

डॉक्टरांना एक वाक्य नक्की सांगा: "आम्ही तलावाकाठी गवतात काम करतो, स्क्रब टायफस आहे का बघा."

काय जपायचं?
- गवतावर बसू-झोपू नका, ताडपत्री टाका.
- जाळी दोरीवर किंवा बांबूवर वाळवा.
- काठ साफ करताना पूर्ण बाह्या, फुलपँट, बूट घाला.
- घरी आल्यावर साबणाने घासून आंघोळ करा, कामाचे कपडे गरम पाण्यात धुवा.
- नाव आणि जाळी ठेवायच्या जागी उंदीर होऊ देऊ नका.

एका दिवसाची मासेमारी बुडाली तर भरून निघते. घरचा माणूस गेला तर नाही. ही माहिती आपल्या नावेवरच्या प्रत्येकाला वाचून दाखवा.